दस्ता अंगाला बसेना, मिस्त्री कुठं गाठू?

प्रश्न : वडील फौजेत होते. त्यांच्या माघारी त्यांची ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .315 रायफल वारस म्हणून रीतसर माझ्या परवान्यावर चढली. ते सहा फुटी, मी पाच फूट चार इंच. रेंजवर उभा राहून झाडायला गेलो की बट खांद्यात बसायच्या ऐवजी दंडावर सरकतो, मान पुढं ताणावी लागते, आणि गोळी सुटली की गालफडावर दणका बसतो. शिवाय मुठीजवळ, दस्ता, म्हणजे रायफलीचं लाकूड, लोखंडात शिरतो तिथं केसाएवढी चीर दिसतेय. आमच्या गावचा सुतार हाताचा चांगला आहे. "लोखंड माझ्याकडं ठेवून जा, सागवानाचा नवा दस्ता आठवड्यात देतो," म्हणतो. देऊ का? की हे काम करणारा वेगळा माणूस असतो, आणि तो कुठं सापडतो?
— वाचक, देवगड

उत्तर : देवगडकर, सुताराला चहा पाजा आणि नाही म्हणून सांगा. तो हाताचा चांगला असेल, त्याबद्दल वाद नाही. पण शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 5 मध्ये बंदूक बनवणं, विकणं यांच्याच ओळीत दुरुस्त करणंही आहे. त्यासाठी परवाना लागतो. 2019 च्या सुधारणेनंतर या कलमाखालच्या गुन्ह्याला किमान 7 वर्षांची कैद आहे. तुमच्या दस्त्यापायी तो बिचारा आत जायचा, आणि रायफल बिनपरवाना माणसाच्या ताब्यात दिली म्हणून तुमचाही परवाना जायचा. "मग नुसतं लाकूड सोडवून देतो, लोखंड घरीच ठेवतो," असं अनेक जण विचारतात. कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे भागही येतात. लाकडाचा तुकडा भाग की नाही हा वाद फौजदाराशी घालण्यात मजा नाही. आणि खरं सांगू का, कायदा बाजूला ठेवला तरी लोखंड समोर नसताना दस्ता बसवता येतच नाही. का, ते पुढं सांगतो.

आधी माणूस कुठं शोधायचा ते. सरळ जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत जा आणि दुरुस्तीचा परवाना असलेले विक्रेते कोण, ते विचारा. पुण्या-मुंबईसारख्या ठिकाणी हेच काम पोलीस आयुक्तालयात होतं. त्यांच्या दप्तरी नावं असतातच. तुमच्याकडं तळकोकणात पर्याय कमी, म्हणून कोल्हापूर किंवा पुणे गाठावं लागेल असं धरून चाला. दुकानात गेल्यावर काउंटरवरच्या मालकाशी फार बोलू नका. आतल्या खोलीत कानस चालवणारा जो बसलेला असतो, तो आपला माणूस. बऱ्याच दुकानांत तो फौजेतून निवृत्त झालेला आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, असतो. ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्तीच्या शाखेत, आर्मरर हा स्वतंत्र ट्रेड आहे, मी त्यातलाच. आमच्यापैकी पुष्कळांच्या हातात कसब असतं पण खिशात परवाना नसतो, म्हणून ते परवानाधारकाच्या दुकानात बसून काम करतात. घरी बोलावून "करून देतो" म्हणणारा माजी फौजी भेटला तर त्यालाही नमस्कार करून निघा.

दुसरा रस्ता रायफल क्लबचा. रेंजवर नेहमी येणाऱ्या चार म्हाताऱ्या नेमबाजांना विचारा, "तुमचा दस्ता कुणी बसवला?" तेच तेच एक-दोन पत्ते कानावर येतील. जाहिरातीपेक्षा मी यावर जास्त भरवसा ठेवतो.

आता, सापडलेला माणूस कामाचा आहे का हे कसं ओळखायचं? पहिली गोष्ट म्हणजे त्यानं आधी दुरुस्त केलेली कुठलीही बंदूक मागा आणि तिच्या स्क्रूंची डोकी बघा. बंदुकीच्या स्क्रूच्या खाचा अरुंद आणि सरळ कडांच्या असतात. चांगला कारागीर प्रत्येक खाचेला बसेल असा स्क्रू-ड्रायव्हर स्वतः घासून बनवतो. बाजारातला निमुळत्या टोकाचा पेचकस घातला की खाचेच्या कडा फुलतात, चमकतात. स्क्रूची डोकी अशी चावलेली दिसली, तर त्या माणसाकडं लाकूड द्यायच्या भानगडीत पडूच नका. दुसरी गोष्ट, लाकूड आणि लोखंड जिथं भेटतं ती रेघ उजेडात धरा. लाकूड लोखंडापेक्षा किंचित उंच राहिलेलं चालेल, उलट तेच बरं. पण पॉलिश पेपरनं गोल झालेली कड आणि तिच्यात भरलेली पुट्टी दिसली, तर समजायचं की चूक झाकलेली आहे. तिसरी, आणि माझ्या लेखी सर्वात मोठी : तो रायफल बघायच्या आधी तुम्हाला बघतो का? "झाडताना काय घालता? उभं राहून झाडता का बसून? चष्मा आहे का? दुर्बीण लावणार का?" हे न विचारता जो करवत उचलतो त्याच्यापासून लांब राहा.

मापं कुठली ते तुम्हालाही ठाऊक असलेलं बरं. चापापासून बटाच्या टोकापर्यंतची लांबी हे पहिलं माप. कोपर काटकोनात वाकवून बट कोपराच्या खोबणीत टेकवायचा आणि तर्जनीचं पहिलं पेर चापाला पोचतंय का बघायचं, ही पद्धत सगळे सांगतात. अंदाजापुरती ती ठीक आहे. खरं माप रायफल खांद्याला लावल्यावरच कळतं. डोळे मिटून रायफल खांद्यावर घ्या, गाल आपसूक जिथं टेकेल तिथं टेकू द्या, मग डोळे उघडा. उजव्या अंगठ्याचं पेर आणि नाक यांच्यात दोन बोटं अंतर हवं आणि पुढची साइट (नळीच्या टोकाची नेम धरायची खूण) मागच्या खाचेत मान न हलवता दिसली पाहिजे. नाक अंगठ्याला लागत असेल तर दस्ता आखूड, मान ताणावी लागत असेल तर लांब. साइट खाली बुडाली असेल तर दस्त्याची पाठ, म्हणजे गाल टेकतो ती कड, तुम्हाला खोल पडतेय. हे सगळं रिकाम्या रायफलीवर करायचं. मॅगझिन काढून, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) मागं ओढून, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं तिथं, करंगळी घालून बघायचं, आणि तरीही नळीपुढं कुणाला उभं करायचं नाही.

शिवाय बट सरळ रेषेत आहे का थोडा बाजूला झुकलेला, हेही माप आहे. उजव्या हाताच्या माणसाला बट किंचित उजवीकडं झुकलेला बरा पडतो. आणि शेवटचं म्हणजे बटाच्या तोंडाचा कोन. तो चुकला की खालचं टोक छातीच्या हाडात रुततं किंवा प्रत्येक गोळीला बट खांद्यावरून वर सरकतो. गालफडावरच्या तुमच्या दणक्यात लांबीइतकाच या कोनाचाही हात असावा असा माझा कयास आहे.

तुमच्या रायफलीपुरतं बोलू. .315 म्हणजे ली-एनफील्ड या जुन्या फौजी रायफलीचीच बहीण. .303 हे लष्करी काडतूस, सामान्य माणसाला बंद. म्हणून तीच घडण ठेवून वेगळ्या काडतुसाची रायफल ईशापूरनं नागरिकांसाठी काढली. या घडणीत दस्ता दोन तुकड्यांचा असतो : नळीखालचं पुढचं लाकूड वेगळं, खांद्याकडचा बट वेगळा. बट लोखंडाच्या एका खोबणीत शिरतो आणि त्याच्या पोटातून आरपार जाणारा एक लांब बोल्ट त्याला आवळून धरतो. फौजेच्या ली-एनफील्डला बट चपलेसारखे नंबरात मिळत. सर्वात आखूड तो बँटम, मग शॉर्ट, नॉर्मल आणि लाँग, प्रत्येकात अर्ध्या इंचाचा फरक, आणि बटाच्या पाठीवर बी, एस, एल असा ठसा. शंभर वर्षांपूर्वी साध्या शिपायालाही अंगाच्या मापाचा बट मिळत होता आणि आज लाखाची रायफल घेणारा माणूस "येईल तशी वापरतो" म्हणतो, याचं मला नवल वाटतं.

म्हणून माझं म्हणणं असं की नवा दस्ता करूच नका. वडिलांचा बट ठेवा आणि तो मागून आखूड करून घ्या. तुमच्या उंचीला अर्धा-पाऊण इंच पुरेल, पण एका दमात कापू देऊ नका. आधी पाव इंच, रायफल खांद्याला लावून बघा, मग पुढचं. काम दिसतं तेवढं सोपं नाही. बट पुढं निमुळता होत जातो, त्यामुळं कापलेलं तोंड लहान होतं आणि बटाच्या तोंडावरची जुनी पट्टी चारी बाजूंनी बाहेर येते. ती नव्या तोंडाच्या आकाराला घासावी लागते. पट्टीची वरची जीभ लाकडात नव्यानं खोदून बसवावी लागते. जुनी स्क्रूची भोकं लाकडी खुंटी ठोकून बुजवायची आणि नवी पाडायची. कापताना कोन हवा तो साधून घ्यायचा. कापलेला तुकडा कागदात गुंडाळून परत मागा. उद्या मुलगा सहा फुटी निघाला तर जोडता येईल.

आणि चीर. ती बहुतेक करून बट सैल राहिल्यामुळं आली असणार. बोल्ट ढिला झाला किंवा लाकूड आटलं की बट खोबणीत हलतो, दणक्याचा भार सगळ्या तोंडावर न पडता एका कोपऱ्यावर पडतो आणि तिथून लाकूड उलतं. उपाय आहे, पण सुतारी गोंदानं नाही. वर्षानुवर्षं बंदुकीचं तेल झिरपून त्या जागेचं लाकूड काळं, मऊ झालेलं असतं, त्यावर कुठलाच गोंद धरत नाही. आधी खडूची पूड अ‍ॅसिटोनमध्ये कालवून लेप द्यायचा. पूड तेल ओढून पिवळी पडते, झटकायची, पुन्हा लेप. पूड पांढरी राहायला लागली की मग चीर थोडी उघडून पातळ इपॉक्सी आत सोडायचं, आवळून ठेवायचं, आणि आडवी पितळी पिन घालायची. नीट झालेलं असं काम नव्या लाकडापेक्षा कमी टिकत नाही.

एक ताकीद कारागिराला तोंडावर द्या, रागावला तरी चालेल : बट सोडवायच्या आधी पुढचं लाकूड उतरवायचं. या घराण्यातल्या जुन्या रायफलींत बटाच्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या एका पत्रीत अडकलेलं असतं. ते तसंच असताना मागून बोल्ट फिरवला की पुढचं लाकूड मागच्या टोकाला उभं चिरतं. बट दुरुस्तीला आलेली रायफल दोन जखमा घेऊन परत गेलेली मी बघितली आहे. हे ठाऊक असलेला कारागीर तुमच्या ताकिदीवर हसेल. तो हसला की काम बिनधास्त द्या.

आता सागवानाबद्दल, कारण सुतारानं तेच डोक्यात भरवलंय. दाराला, होडीला सागासारखं लाकूड नाही. दस्त्याला मात्र अक्रोड. वजनाला बेताचं, दणका खाऊन सहसा फुटत नाही, हवेनं फार वाकत नाही, आणि त्यावर मुठीची बारीक जाळी कोरली तर दाणे सुटून येत नाहीत. साग तेलकट, त्यामुळं इपॉक्सी नीट धरत नाही, आणि रेषेत पटकन चिरतो. शिसव मजबूत, पण जड. आपल्याकडं अक्रोड येतं ते काश्मीरचं. तिथं 1969 च्या कायद्यानं अक्रोडाचं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, म्हणून ते महाग आणि चांगलं सुकलेलं तर दुर्मीळच. श्रीनगरला रैनावारीत बंदूक बनवणाऱ्यांचा मोहल्ला आहे, तिथं आणि बिहारात मुंगेरला परवानाधारक कारखाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. तिथले दस्ते मी हाताळलेत, काही फार सुरेख असतात. पण लाकूड सुंदर असणं वेगळं आणि तुमच्या अंगाला बसणं वेगळं.

समजा चीर आतपर्यंत गेलेली निघाली आणि नवा बट करायचीच वेळ आली, तर लोखंड समोर का लागतं ते आता सांगतो. आमच्या वर्कशॉपमध्ये एक वयस्क मिस्त्री होते. दिव्याची काजळी तेलात कालवून ते एका डबीत ठेवत. लोखंडाला बोटानं तिचा पातळ हात द्यायचा, लाकूड खोबणीत घालायचं, लाकडी हातोडीची एक टिचकी आणि बाहेर. जिथं काळा ठिपका उमटला तिथंच लाकूड लागतंय. मग पटाशी नाही, तासणी घेऊन तेवढाच ठिपका खरवडायचा, निघणारी साल इतकी पातळ की फुंकरीनं उडायची. पुन्हा काजळी, पुन्हा टिचकी. पहिल्यांदा दोन-चार ठिपके असतात, शेवटी सगळं तोंड सारखं काळं व्हायला लागतं. तसं झालं की भार सगळीकडं वाटला जातो. हे काम आठवड्यात होत नाही, आणि फोटोवरून किंवा जुना बट नमुन्याला ठेवून तर होतच नाही. "मशीनवर कॉपी काढून देतो" म्हणणारे आता आहेत. कॉपी काढा खुशाल, पण शेवटचं बसवणं हातानंच करणार का, ते विचारा.

जायच्या आधी परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय ते वाचा. जिल्ह्यापुरता असेल तर कोल्हापूरला नेण्याआधी परवानगी काढावी लागेल. रायफल रिकामी, पेटीत बंद, मूळ परवाना जवळ. दुकानात ठेवताना त्यांच्या रजिस्टरात नंबरासह नोंद आणि तुमच्या हातात पावती, त्याशिवाय पायरी उतरू नका. आणि निवडणुकीच्या तोंडावर हे काम काढू नका. आचारसंहितेत शस्त्रं जमा करायचा हुकूम निघतो आणि अर्धा कापलेला बट घेऊन ठाण्यात उभं राहावं लागतं.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची, डावखुरी. शाळेतर्फे 10 मीटर एअर रायफल खेळते. क्लबची रायफल लाकडी दस्त्याची, उजव्या हाताची. दस्ता कापून, तासून तिच्या मापाचा करून घ्यावा का?
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : नका ताई. एक तर रायफल क्लबची आहे, आणि दुसरं म्हणजे पोरगी वाढतेय. आज कापलेला दस्ता दीड वर्षात तिलाच आखूड होईल. या वयात लांबी कमी-जास्त करायची ती बटाखालच्या फळ्या, म्हणजे स्पेसर काढून-घालून. क्लबकडं ज्युनियरचा दस्ता असेल तर तो आधी मागा.

डावखुरेपणाचं मात्र मनावर घ्या. उजव्या दस्त्यावर गाल टेकायचा उठाव डाव्या बाजूला असतो. डावखुऱ्या माणसाचा गाल उजव्या बाजूला येतो, तिथं सपाट लाकूड. मग पोरं मान वाकडी करून सवय लावून घेतात आणि ती सवय पुढं सोडवता सोडवत नाही. काही रायफलींचा गालाचा तुकडा सुटा असतो, बाजू बदलून लावता येतो. क्लबच्या आर्मररला तेवढं बघायला सांगा. 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या जोराच्या एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही, त्यामुळं दुकान शोधायला देवगडकरांइतकी यातायात नाही. तरी घरच्या घरी ड्रिल लावू नका. स्पर्धेच्या नियमांत 10 मीटर एअर रायफलीचं वजन 5.5 किलोच्या आत हवं, आणि दस्त्यात अंगठा घालायचं भोक चालत नाही. हौसेनं पाडलेल्या भोकामुळं सामन्याआधीच्या तपासणीत रायफल बाद होते.

पॅरिसला 2024 मध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं, तेव्हापासून पालक लगेच महागडी रायफल घ्यायचं विचारतात. त्या प्रकारात गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तिन्ही पद्धतींनी झाडावं लागतं आणि दर वेळी बटाची पट्टी, गालाचा तुकडा हलवावा लागतो, म्हणून तो दस्ता सगळीकडून फिरणारा असतो. तेरा वर्षांच्या मुलीला त्याची गरज नाही. तिला सध्या सरळ मान हवी.

प्रश्न : पावसाळ्यात रायफलीच्या लाकडावर पांढरी बुरशी येते. वार्निश मारू का?
— वाचक, चिपळूण

उत्तर : वार्निश नको. ओरखडा पडला की तिथून पाणी आत जातं आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. आधी रायफल चामड्याच्या पिशवीतून बाहेर काढा. चामडं ओल धरतं, लाकडाला बुरशी आणि नळीला गंज दोन्ही तिथूनच. बुरशी कोरड्या फडक्यानं पुसा, लाकूड सावलीत वाऱ्याला ठेवा, मग उकळलेलं जवसाचं तेल बोटानं चोळा. स्वयंपाकाचं कच्चं जवस तेल नको, ते लवकर सुकत नाही आणि बुरशीला खाऊ होतं. हात इतका पातळ द्यायचा की तळव्याच्या उष्णतेनंच ते जिरावं. जास्तीचं पुसून घ्या, दुसरा हात दुसऱ्या दिवशी. बटाची पट्टी काढून आतल्या उघड्या तोंडालाही तेल द्या, ओल तिथूनच सर्वात जास्त शिरते आणि तिथं कुणी बघत नाही.

तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना गरम होतं, बोळा केलेलं फडकं आपसूक पेट घेतं. पाण्यात बुडवा, बाहेर पसरून वाळवा, मगच कचऱ्यात टाका.